पंचवीस अंशांचा पहारा: पिंपरीचं पेनिसिलिन आणि उष्णतेची हमाली

आजचा भाग पिंपरीचा आहे, आणि उष्णतेचाही.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीतून गेला असाल, तर 'एचए कंपनी' हे नाव तुम्ही ऐकलेलं असणार. रिक्षावाल्या काकांना 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड' असं पूर्ण नाव सांगितलं तर ते क्षणभर विचारात पडतील. 'एचए' म्हणालात की मीटर टाकोत न टाकोत, गाडी बरोबर वळवतील. एचए कॉलनी, एचए ग्राउंड... पिंपरीतल्या कितीतरी पोरांना हे ग्राउंड माहीत आहे, पण त्या नावामागे काय शिजत होतं ते माहीत नाही.

'शिजत होतं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. आणि पेनिसिलिन बनवणं म्हणजे शाळेतल्या त्या धड्याची रोजची परीक्षा, ज्याच्या व्याख्या आपण पाठ केल्या आणि पेपर झाल्यावर विसरलो. उष्णता म्हणजे काय, तापमान म्हणजे काय, स्थायूचा द्रव आणि द्रवाचा वायू होताना नेमकं काय घडतं.

आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय: तापमान हा आकडा आहे, उष्णता हा माल आहे. आकडा वाचायला काही पडत नाही. माल मात्र उचलावा लागतो, वाहून न्यावा लागतो, कुठेतरी टाकावा लागतो, आणि त्या हमालीचे पैसे पडतात. ('माल' हा शब्द जपूनच घ्या. का, ते पुढे येईल.) औषधासारखी जीव वाचवणारी गोष्ट देशात बनणार की बाहेरून आणावी लागणार, हेसुद्धा काही प्रमाणात या हमालीवर ठरतं.

लंडनमधला थंड उन्हाळा

गोष्ट सुरू होते १९२८ साली, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये. अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परत आले आणि त्यांना जंतूंच्या एका बशीत बुरशी दिसली. बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मेले होते. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिच्यातला तापमानाचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही.

फ्लेमिंग यांच्यासोबत काम केलेले रोनाल्ड हेअर यांनी पुढे त्या उन्हाळ्याच्या हवामानाच्या नोंदी तपासल्या. पेनिसिलियम बुरशीला साधारण वीस अंशांची थंडसर हवा आवडते. त्या बशीतल्या स्टॅफिलोकोकस जंतूंना आपल्या शरीराइतकी, म्हणजे पस्तीस-सदतीस अंशांची ऊब लागते. हेअर यांचं स्पष्टीकरण असं, की जुलैअखेरीला लंडनमध्ये काही दिवस थंडी पडली. तेवढ्यात बुरशी वाढली. मग हवा तापली आणि जंतू वाढायला लागले, तोवर बुरशीने पेनिसिलिन सोडलेलं होतं. बशी नेहमीसारखी सदतीस अंशांच्या पेटीत ठेवली असती, तर जंतूंनी आधीच बाजी मारली असती.

म्हणजे या औषधाचा जन्मच तापमानाच्या चार-सहा अंशांवर अवलंबून होता.

पण बशीतली बुरशी आणि बाटलीतलं औषध यांत फार मोठं अंतर होतं. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते कापायला घेतलं. १९४१ च्या फेब्रुवारीत त्यांनी एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं. जखम चिघळून तो मरणाच्या दारात होता. औषधाने तो सुधारायला लागला. मग औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच देण्यापर्यंत या लोकांची मजल गेली, तरी पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला.

औषध लागू पडतं हे माहीत होतं, ते पुरेसं बनवता येत नव्हतं. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

उत्तर अमेरिकेत मिळालं. बुरशी उथळ भांड्यांत वरवर वाढवण्याऐवजी खोल टाकीत, हवा फुंकत आणि घुसळत वाढवायची. १९४४ साली फायझर कंपनीने ब्रुकलिनमध्ये असा मोठा कारखाना सुरू केला, आणि त्यासाठी त्यांनी चक्क एक जुना बर्फाचा कारखाना विकत घेतला होता. का? कारण गार करायची यंत्रं तिथे आधीच होती. बुरशी वाढवायला निघालेल्या माणसांना सगळ्यात आधी थंडी हवी होती. हे असं का, हे समजायला आपल्याला पिंपरीला यावं लागेल.

माळावर आलेला कारखाना

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा पेनिसिलिनसाठी आपण परदेशावर अवलंबून होतो. न्यूमोनिया, बाळंतपणानंतरचा ताप, साधी चिघळलेली जखम, अशा दुखण्यांत ज्याच्याकडे पैसे आणि ओळख त्याला औषध. देशात औषधं सरकारी कारखान्यात बनवावीत, असा आग्रह धरणाऱ्यांत एक मोठं नाव होतं साहिब सिंग सोखी. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे ते पहिले भारतीय संचालक आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेतले बडे अधिकारी. १९५१ साली भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. यंत्रसामग्री युनिसेफने द्यायची, तांत्रिक मदत आरोग्य संघटनेने करायची.

१० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी नोंदली गेली. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. १९५५ साली उत्पादन सुरू झालं.

आता तेव्हाची पिंपरी डोळ्यासमोर आणा. एमआयडीसी १९६२ ची, म्हणजे तीही अजून आठ वर्षं लांब. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची, महानगरपालिका १९८२ ची. आजूबाजूला गावं, शेतं, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प. शेजारून रेल्वे, हायवे आणि पवना नदी. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीच उघडलेली. आणि अशा माळावर एक कारखाना, ज्याच्या टाक्यांतली बुरशी चोवीस-सव्वीस अंशांच्या आत ठेवायची होती. बाहेर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जात असताना.

थर्मामीटर काय सांगत नाही

इथे जरा दोनशे वर्षं मागे जाऊ.

पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर फॅरनहाइट यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बनवला. १७४२ साली स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी शंभर भागांची मोजपट्टी सुचवली. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ पट्टीत पाणी उकळायचं शून्यावर आणि गोठायचं शंभरावर! ती पुढे उलटी केली गेली. पण थर्मामीटर हातात आल्यावरही लोक एका गोष्टीत अडकून राहिले. त्यांना वाटायचं, थर्मामीटर उष्णताच मोजतो. जास्त अंश म्हणजे जास्त उष्णता. विषय संपला.

तसं नाही. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालताना बघितलाय ना? त्याच्या ठिणग्या हजार अंशांच्या वर तापलेल्या असतात. एखादी हातावर उडाली तर चटका बसतो आणि संपतं. आणि साठ अंशांच्या पाण्याची बादली अंगावर सांडली तर? दवाखाना. ठिणगीचं तापमान भयंकर, पण जीव एवढासा, त्यामुळे तिच्याजवळ द्यायला उष्णताच नाही. बादलीचं तापमान कमी, पण साठा प्रचंड. तापमान म्हणजे पदार्थाचे कण सरासरी किती जोरात हलतायत त्याचा आकडा. उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून गार वस्तूकडे गेलेली ऊर्जा.

हा फरक पहिल्यांदा नीट पकडला तो ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६१ च्या सुमारास. प्रयोग इतका साधा होता की तुम्ही घरी करू शकता. दोन सारखी भांडी. एकात गोठणबिंदूच्या जवळचं गार पाणी, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. दोन्ही एकाच खोलीत टांगून ठेवली. पाण्याचं तापमान साधारण चार अंश चढायला अर्धा तास लागला. बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले.

खोली तीच, हवा तीच. बर्फालाही तेवढीच उष्णता मिळत होती. मग इतके तास ती गेली कुठे? थर्मामीटरवर तर काहीच दिसत नव्हतं. ब्लॅक यांचं उत्तर असं, की ती बर्फाचं पाणी करण्यात खर्च झाली. आपल्या शाळेच्या पुस्तकात हिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. अप्रकट, म्हणजे थर्मामीटरला न दिसणारी.

आजचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल. ते पाणी शून्यापासून शंभरपर्यंत तापवायला साधारण ४१९. आणि शंभर अंशांच्या पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करायला? २,२५७. पाच पटींहून जास्त, आणि काटा जागचा हलत नाही. ती सगळी उष्णता वाफेत दडून बसते, आणि वाफ जिथे परत पाणी होते तिथे ती एका दमात बाहेर पडते. म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट.

कुकरची शिट्टी आणि नऊ टन वाफ

आता परत पिंपरीत. पेनिसिलिनच्या टाकीचं पहिलं काम म्हणजे सगळं निर्जंतुक करणं. बुरशीसाठी टाकीत साखर असते, मक्याच्या स्टार्च उद्योगातून निघणारा पौष्टिक काढा असतो. असा खाऊ बघून फक्त आपलीच बुरशी येईल असं थोडंच आहे? हवेतला एखादा जंतू आत शिरला तर तो पेनिसिलिन फोडून टाकणारं रसायन बनवू शकतो. मग सगळी टाकी गटारात.

नुसतं उकळून भागत नाही. काही जंतूंचे बीजाणू शंभर अंशांत तग धरतात. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर उंचीवर, त्यामुळे पुणे-पिंपरीत पाणी उघड्यावर ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मग उपाय? तोच, जो तुमच्या स्वयंपाकघरात आहे. दाब वाढवा. कुकरमध्ये दाब चढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कारखान्यात १२१ अंशांची दाबाखालची वाफ वापरतात.

आणि हे बघा. प्रयोगशाळेतली काचेची भांडी कोरड्या भट्टीत निर्जंतुक करायची तर १६० अंश आणि दोन तास लागतात. १२१ अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटं पुरतात. कमी तापमान, कमी वेळ, तरी काम फत्ते. कारण वाफ जंतूवर बसून पाणी होते, आपली दडलेली उष्णता तिथेच ओतते, आणि ओलाव्यामुळे जंतूची प्रथिनंही लवकर थिजतात.

हिशेबासाठी एक टाकी मनात धरू. ही एचएची टाकी नव्हे, आपली काल्पनिक. पन्नास हजार लिटरची. त्यातला काढा २५ वरून १२१ अंशांवर न्यायला साधारण नऊ टन वाफ लागेल. नऊ टन! आणि पुढे? बुरशी टाकायची तर तोच काढा परत २५ वर आणायचा. म्हणजे आत्ता आत घातलेली सगळी उष्णता परत बाहेर काढायची.

टाकीतलं वल्हं

आता टाकी गार झाली, बुरशी सोडली, हवा फुंकायला सुरुवात झाली, मधला पंखा घुसळायला लागला. खरं काम आता सुरू होतं. बुरशी साखर खाते, श्वास घेते, आणि तुमच्या-माझ्यासारखीच तापते. शिवाय तो घुसळणारा पंखाही पाणी तापवतो.

घुसळून पाणी तापतं? हो. आणि इथेच 'माल' या शब्दाची गोष्ट येते. अठराव्या शतकाच्या शेवटी विद्वान मंडळी मानायची, की उष्णता हा एक न दिसणारा द्रव आहे, कॅलरिक नावाचा, जो एका वस्तूतून दुसरीत वाहतो. १७९८ साली काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकच्या तोफखान्यातलं निरीक्षण मांडलं. तोफेच्या नळीला बोथट हत्याराने भोक पाडताना भोवतीचं पाणी सुमारे अडीच तासांत उकळायला लागलं. आणि घासत राहा, उष्णता येतच राहते. द्रव असता तर कधीतरी संपला असता. पुढे १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी वजनं खाली सोडून पाण्यातलं एक वल्हं फिरवलं आणि किती कामाची किती उष्णता होते ते मोजलं. उष्णता हा पदार्थ नाही, ऊर्जा आहे. म्हणून 'माल' म्हणायचं ते फक्त हमालीपुरतं.

पेनिसिलिनच्या टाकीतला पंखा म्हणजे ज्यूल यांचं तेच वल्हं, फक्त मोटर लावलेलं.

आपल्या काल्पनिक टाकीत बुरशी आणि पंखा मिळून दर हजार लिटरमागे पाच किलोवॅट उष्णता तयार करतात असं धरू. पन्नास हजार लिटरला अडीचशे किलोवॅट. म्हणजे टाकीत दोन किलोवॅटचे सव्वाशे गीझर एकदम चालू! गार करणं थांबलं तर टाकी तासाला चार अंशांहून जास्त तापेल. तीन तासांत २५ ची ३८. तोवर आपली बुरशी गळपटलेली असेल आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात.

म्हणून टाकीच्या आत नळ्यांची वेटोळी असतात आणि त्यांतून गार पाणी फिरत राहतं. डायलवर काटा २५ वर स्थिर. बघणाऱ्याला वाटेल, काहीच घडत नाहीये. पण तो काटा स्थिर आहे कारण येणारी सगळी उष्णता क्षणोक्षणी बाहेर नेली जातेय. दिवसपाळी, रात्रपाळी, गणपतीत, दिवाळीत. लाइट गेली तरी थांबून चालत नाही. ब्रुकलिनच्या मंडळींना बर्फाचा कारखाना का हवा होता, ते आता कळलं ना?

माठाची युक्ती

ही उष्णता बाहेर नेऊन टाकायची कुठे? चाळीस अंशांच्या उन्हात? उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडे जाते. उलट्या दिशेने न्यायची तर काम करावं लागतं.

युक्ती आपल्या घरातली आहे. माठातलं पाणी पाझरतं, बाहेर सुकतं, आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कारखान्यातली शीतयंत्रं हेच करतात, फक्त पाण्याऐवजी बऱ्याचदा अमोनिया वापरतात. अमोनिया साध्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो. तो उकळताना उष्णता शोषतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, आणि तो बाहेर उष्णता सोडून परत द्रव होतो. ती उष्णता घेतलेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये शिंपडलं जातं. त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन आभाळात जातं, बाकीचं गार होऊन परत येतं. म्हणजे बुरशीची उष्णता पाण्याकडे, पाण्याकडून अमोनियाकडे, अमोनियाकडून परत पाण्याकडे आणि शेवटी आभाळाकडे. या साखळीत उष्णता कुठेही 'नाहीशी' होत नाही, नुसती हात बदलते.

आणि थंडीची खरी कसोटी पुढे असते. टाकीतल्या काढ्यातून पेनिसिलिन वेगळं काढायचं, तर काढा आंबट करावा लागतो. तेव्हाच पेनिसिलिन पाणी सोडून अमिल अॅसिटेटसारख्या द्रावकात जातं. (त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो.) पण आम्लात पेनिसिलिन टिकत नाही, साध्या तापमानाला काही मिनिटांतच मोडायला लागतं. शून्याच्या जवळ नेलं की मोडण्याचा वेग मंदावतो आणि हातात वेळ येतो. ऑक्सफर्डमध्ये हीटली यांनी हीच वाट काढली होती: गार करा, आंबट करा, पटकन द्रावकात ओढा, परत पाण्यात आणा.

पण पाण्यातही ते फार दिवस टिकत नाही. म्हणून ते सुकवायचं. कसं? तापवून सुकवलं तर मोडेल. ऑक्सफर्डच्या मंडळींनी ते गोठवलं आणि भोवतीची हवा काढून घेतली. दाब हवेच्या दाबाच्या साधारण एकशेपासष्टाव्या भागाखाली, म्हणजे ६११ पास्कलच्या खाली गेला, की पाण्याला द्रव राहताच येत नाही. बर्फाची थेट वाफ होते. कापराची वडी उडून जाते, तसंच. याला संप्लवन म्हणतात. मागे उरली तपकिरी पूड. कारखान्यांत पुढे पेनिसिलिनचे शुद्ध स्फटिक करायला लागले, पण गोठवून सुकवण्याची ही पद्धत गेली नाही. आजही गोवराची लस अशीच सुकवलेली येते आणि टोचण्याआधी सिस्टर कुपीत पाणी घालतात.

पिंपरीपासून चाकणपर्यंत

पुढे एमआयडीसी आली, कारखाने आले, आणि हा पट्टा निगडी, भोसरी, तळवडे करत चाकणपर्यंत पसरला. उत्पादनं बदलली, हमाली तीच राहिली.

तुमच्यातले काहीजण हा भाग चाकणच्या कंपनी बसमध्ये बसून ऐकत असतील. तुम्ही सीएनसीवर बोअरिंग करत असाल, तर त्यावर पडणारा कूलंट म्हणजे रम्फर्ड यांच्या तोफेभोवतीचं पाणी. प्लास्टिक मोल्डिंगला असाल, तर तुम्हाला माहीतच असेल, सायकल टाइममधला मोठा वाटा साचा गार होण्याचा असतो. डायकास्टिंगलाही तेच. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं, आणि परत घट्ट होताना आपली दडलेली उष्णता साच्याला देतं. ती पाण्याने ओढून काढल्याशिवाय साचा उघडता येत नाही. सुपरवायझर 'सायकल टाइम कमी करा' म्हणतात, तेव्हा ते खरंतर 'उष्णता लवकर बाहेर काढा' म्हणत असतात.

आणि भट्टीजवळ उभा असलेला माणूस? तोही एक टाकीच. त्याचा काटा ३७ वर स्थिर ठेवायला घाम लागतो. एक लिटर घाम सुकताना साधारण २,४०० किलोज्यूल घेऊन जातो. पण सुकला तरच! दमट, बंद शेडमध्ये घाम नुसता ओघळतो, गार करत नाही. म्हणून तिथे पाणी, वारा आणि अधूनमधून विश्रांती ही मेहेरबानी नाही. टाकीला कूलिंग कॉइल लागते, तसं ते आहे.

पिंपरीच्या नावाचा जीव

एचएमध्ये नुसतं उत्पादन होत नव्हतं, संशोधनही चालायचं. १९६१ साली एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बुरशीच्या आजारांवरचं एक नवं औषध शोधलं. नाव ठेवलं हमायसिन, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सवरून. आणि ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीच्या नावाचा एक जीव जगाच्या शास्त्रीय यादीत आहे. ट्रॅफिकमध्ये अडकलात की आठवा, बरं वाटेल.

पण ही गोष्ट इथे गोड संपत नाही. १९९७ साली ही कंपनी अधिकृतपणे आजारी उद्योग ठरली. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी फेडण्यासाठी तिची जास्तीची जमीन विकायचा निर्णय घेतला. मधल्या काळात पेनिसिलिन-जीसाठी देश मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून झाला. जो प्रश्न १९५१ साली सोडवायला घेतला होता, तोच परत दारात. २०२४ साली आंध्रात काकीनाड्याजवळ खासगी कंपनीने पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू केला, तोही सरकारी प्रोत्साहन योजनेच्या आधाराने.

असं का झालं? कारणं बरीच आहेत: आयातीची धोरणं, व्यवस्थापन, भांडवल. पण त्यांतलं एक कारण आजच्या भागातलं आहे. फ्लेमिंग यांची बुरशी एका मिलिलिटरला एखाद-दोन युनिटच पेनिसिलिन द्यायची. आजच्या सुधारित बुरशा हजारोंनी देतात. टाकी कुठलीही असो, निर्जंतुक करायला वाफ तेवढीच, गार ठेवायला वीज जवळपास तेवढीच. समजा तुमची बुरशी दुसऱ्याच्या निम्मं औषध देते. मग दर कुपीमागे तुमची उष्णतेची हमाली दुप्पट. वर तुमची वीज महाग असेल, तर जगाच्या बाजारात तुम्ही उभेच राहू शकत नाही. तुमचं औषध चांगलं असलं तरी.

म्हणून देशात औषध बनवायचं म्हणजे फॉर्म्युला माहीत असून भागत नाही. वाफ, थंडी आणि वीज परवडावी लागते, बुरशी वर्षानुवर्षं सुधारत राहावी लागते, आणि रात्री तीन वाजता काट्यावर नजर ठेवणारा माणूस लागतो.

त्या माणसांबद्दल शेवटचं सांगतो आणि थांबतो. सुरुवातीच्या काळात एचएत लागलेली पिढी आता खूप म्हातारी झाली आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडीत कुणाचे ना कुणाचे आजोबा, आत्या, शेजारचे काका तिथे कामाला होते. तुमच्या घरात असतील तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसा आणि एकच प्रश्न विचारा: लाइट गेल्यावर टाकी कशी सांभाळायचात? मग मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि ऐकत राहा. ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठवलंत तर आनंदच आहे. नाही पाठवलंत तरी चालेल, पण ते करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा मंडळी, उन्हाळा आहे.